पुनर्विकासाच्या वादात आम्ही मध्यस्थ नेमला : सात महिन्यांचा अनुभव

ठाण्याला नौपाड्यात आमची सोसायटी आहे. 1979 ची इमारत, चार मजले, लिफ्ट नाही. 32 घरं आणि रस्त्याच्या अंगाला 4 दुकानं, म्हणजे 36 सभासद. गेली सहा वर्षं मी सेक्रेटरी आहे. पुनर्विकासावरून आमच्यात जे पेटलं होतं, ते मिटवायला आम्ही पैसे देऊन बाहेरच्या मध्यस्थ बाईंना बोलावलं. अशी सेवा मिळते हेच पुष्कळ सोसायट्यांना माहीत नसतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बैठकीत बोललेलं बाहेर न्यायचं नाही, अशा कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. त्यामुळे मॅडमचं नाव इथे नाही, बिल्डरचंही नाही. ज्यांच्या घरातल्या गोष्टी खाली आल्या आहेत, त्यांना हा मजकूर आधी वाचून दाखवला आणि त्यांनी हो म्हटल्यावरच टाकते आहे.

आधी वाद काय होता ते सांगते. विशेष सर्वसाधारण सभेत 27 जण बाजूने आणि 9 जण विरोधात. कायद्याने एवढं पुरेसं आहे. सहकार कायद्याच्या 79-अ खाली 4 जुलै 2019 ला राज्य सरकारचे जे सुधारित निर्देश आले, त्यात एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते. अल्पमतातल्यांनी पुनर्विकास अडवून धरू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकालही आहेत. आमच्या कमिटीतले बरेचजण म्हणत होते, ‘बहुमत आहे ना, मग चला पुढे.’ पण बिल्डर म्हणाला, सगळ्यांनी घरं रिकामी केल्याशिवाय मी कुदळ मारणार नाही. नऊ जणांनी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज दिला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर इतकं वाईट लिहिलं गेलं की मला तो बंद करावा लागला. चाळीस वर्षं एकमेकांच्या दारात रांगोळी काढणारी माणसं जिन्यात समोरासमोर आली तर मान फिरवून जायला लागली. मी त्या वर्षी हळदीकुंकवाला नऊ घरांत गेले आणि तीन घरांत दारच उघडलं नाही. ते मला फार लागलं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त वकील आहेत. त्यांनी सुचवलं की लवाद नको, मध्यस्थ बघा. यातला फरक आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. लवाद निवाडा देतो आणि तो आपल्याला मानावा लागतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. आपल्यालाच ठरवायला लावतो. न्यायालयांशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रांत हे काम बरीच वर्षं चालू आहे आणि 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र मध्यस्थी कायदाही झाला. आमच्या मॅडम व्यवसायाने वकील. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने ठरवलेलं 40 तासांचं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं होतं. नेमणुकीआधी हे प्रमाणपत्र मागून बघा. सांगितल्यावर चटकन दाखवतात की नाही, यावरूनही माणूस कळतो.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, ‘मी एवढ्यात सभा घेणार नाही. आधी सगळ्यांच्या घरी जाणार.’ आमच्या चेअरमननी कपाळाला आठ्या घातल्या, कारण फी तासावर होती. पण सांगते, आम्ही दिलेल्या पैशातला सगळ्यात सार्थकी लागलेला भाग तोच. साडेतीन आठवडे त्या संध्याकाळी सहा ते नऊ यायच्या. 36 सभासदांकडे गेल्या, बाजूने मत दिलेल्या 27 जणांकडेही. त्यांनी आग्रह धरला होता की कमिटीतलं कुणी बरोबर यायचं नाही. ‘तुम्हाला काय हवंय’ हे त्या विचारतच नसत, ते तर सगळ्यांना पाठ होतं. ‘कुलूप लावून बाहेर पडलात, त्या दिवशी रात्री तुम्ही कुठे असाल?’ असं विचारायच्या.

या एका प्रश्नाने काय झालं ते तळमजल्यावरच्या आजींच्या घरचं सांगते. त्या विरोधकांच्या पुढारी. सभेत त्यांचं एकच म्हणणं : ‘मला तळमजलाच पाहिजे.’ नव्या इमारतीत खाली पार्किंग येणार, तळमजल्यावर घरच नाही. आम्ही त्यांना पन्नास वेळा समजावलं की लिफ्ट असेल, स्ट्रेचर जाईल एवढी मोठी असेल. त्या हलेनात. आम्हाला वाटायचं, अंगणातली जागा सोडवत नाही, मोबदला वाढवून हवा असेल. मॅडमपुढे त्यांनी सांगितलं की आजोबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. नव्या इमारतीची त्यांना भीती नव्हतीच. भीती होती ती मधल्या तीन वर्षांची. दोन एजंटांनी त्यांना भाड्याची घरं दाखवली होती, दोन्ही तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची. डायलिसिस करून आलेला माणूस तीन जिने कसा चढणार? हे त्यांनी सभेत कधी सांगितलं नाही, कारण आजोबांच्या आजाराची चर्चा त्यांना चारचौघांत नको होती. मी त्यांच्या घरी दर दिवाळीला फराळ घेऊन जाते आणि मला हे माहीत नव्हतं.

तोडगा निघाला तो असा. डायलिसिस सेंटरपासून चालत दहा मिनिटांच्या आत तळमजल्यावरचं घर कमिटीने शोधायचं. ते मिळून करार झाल्याशिवाय त्यांच्याकडे चावी मागायची नाही. नव्या इमारतीत त्यांना पहिला राहता मजला आणि लिफ्टला जनरेटर. बिल्डरला यात फारसं काही सोडावं लागलं नाही.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानवाल्या काकांचंही तसंच. बांधकाम चालू असताना बिल्डर जे भाडं देणार, ते त्यांना दुप्पट हवं होतं. समोर शाळा आहे. जूनचा धंदा म्हणजे त्यांचं अर्धं वर्ष. बिल्डरने 1 मे ही जागा रिकामी करायची तारीख टाकली होती. ती 15 जुलै केली आणि दुप्पट भाड्याचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतला.

बाकीच्या सातजणांना एक भीती होती आणि ती आम्हा 27 जणांनाही असायला हवी होती. जवळच्याच एका सोसायटीत बिल्डरने दीड वर्षाने भाडं थांबवलं, माणसं अजून बाहेर आहेत. मॅडमनी 2019 चे निर्देश टेबलावर ठेवले आणि ते मोठ्याने वाचायला लावले, एकेक परिच्छेद एकेकाला. प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी बिल्डरने द्यायची, हे त्यात स्पष्ट आहे. आमच्या मसुद्यात त्या जागी ‘परस्पर संमतीने योग्य ती हमी’ असं गुळमुळीत वाक्य होतं. आम्ही बहुमतवाल्यांनी ते वाक्य वाचून सही करायची तयारी ठेवली होती! ज्यांना आम्ही अडवे म्हणत होतो त्यांच्यामुळे ते बदललं. आता 20 टक्के गॅरंटी आहे आणि वर्षभराच्या भाड्याचे धनादेश आगाऊ. त्या रात्री घरी येऊन मी त्या सातही जणांना फोन केले आणि माफी मागितली.

मतदानाऐवजी मॅडमनी चार चिठ्ठ्या दिल्या होत्या. ‘मनापासून हो’, ‘चालेल’, ‘पटत नाही पण अडवणार नाही’ आणि ‘अडवणार’. शेवटची चिठ्ठी टाकणाऱ्याने काय बदललं तर आपण वरच्या चिठ्ठीवर येऊ, हे त्याच बैठकीत सांगायचं. नुसतं नाही म्हणून उठून जायचं नाही. हे मला फार आवडलं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना ठाऊक असेल, देवाजी तोफांचं गाव. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवलेलं. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, आणि आधी अभ्यासगटात विषय घोळवला जातो. मॅडम त्याचा दाखला देत होत्या. मला वाटलं होतं, जंगलाकाठच्या एकजीव गावात जमलं ते ठाण्यात कसं जमेल? पूर्ण जमलं नाहीच. पण अभ्यास आधी आणि सभा नंतर, हा क्रम आमच्याकडेही चालला.

माझं माहेर तासगावकडचं. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा माझे काका गावच्या समितीत होते. त्यांचं काम मी पाहिलंय. काकांची ताकद ही की ते प्रत्येकाच्या तीन पिढ्या ओळखत, आणि अडचणही तीच. मॅडम आमच्यातल्या कुणालाच ओळखत नव्हत्या, म्हणून आजी त्यांच्यापाशी बोलल्या. माझ्यापाशी त्या बोलल्या नसत्या.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. तीन महिने सांगितले आणि लागले सात. बैठकीचा वृत्तांत दर वेळी आठ-दहा दिवसांनी यायचा, तोवर जिन्यात अफवा पसरलेल्या असायच्या; हे टाळता आलं असतं. मॅडम बिल्डरशी वेगळ्या बसल्या तेव्हा आधी सर्वांना सांगायला हवं होतं. ते न सांगितल्यामुळे एका सभासदाचा विश्वास गेला आणि तो परत आला नाही. आणि भाडेकरूंना कुणी विचारलंच नाही. पाच घरांत भाडेकरू राहतात, त्यांतल्या एका घरातली मुलगी दहावीला होती. सभासद नाहीत म्हणून त्यांचा आवाज नाही, हे कायद्याने बरोबर असेल, मला ते बरोबर वाटत नाही.

खर्च 62,000 रुपये आला, म्हणजे सभासदामागे साधारण 1,722. पैसे सोसायटीच्या खात्यातून दिले. बिल्डर भरायला तयार होता, आम्ही नको म्हटलं. तुम्हीही नको म्हणा. आणि मध्यस्थापुढे झालेला समझोता तिथेच सोडू नका. आम्ही तो पुन्हा विशेष सर्वसाधारण सभेत ठेवला, उपनिबंधकांकडून आलेल्या अधिकाऱ्यासमोर, चित्रीकरणासह. नाहीतर उद्या कमिटी बदलली की कागदाला कोण विचारतं?

पाचपैकी मी चार देईन. गळती, पार्किंग असल्या दोन घरांच्या भांडणाला एवढं सगळं लागत नाही, एका संध्याकाळी चहावर मिटतं. पण जिथे माणसांना घर सोडून जायचं आहे, तिथे पहिल्या सभेच्या आधीच मध्यस्थ आणा. आम्ही वर्षभर भांडून मग आणला.

शेवटच्या बैठकीत 36 चिठ्ठ्या पडल्या : 22 ‘मनापासून हो’, 13 ‘चालेल’, एक ‘पटत नाही पण अडवणार नाही’. ती एक त्या विश्वास गेलेल्या सभासदाची. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण करारावर सही त्यांनी वेळेत केली. आजींना घर मिळालं, सेंटरपासून सहा मिनिटांवर, तळमजल्याचं, पुढे छोटं अंगण असलेलं. परवा मी त्यांची तुळस रिक्षातून तिकडे पोचवली.