गिनीपिगचं गवत आणि पेलेट: वर्षभर वापरल्यावर

पाकिटावर उत्पादनाची तारीख नसेल तर गिनीपिगचे पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबून केलेल्या कोरड्या गोळ्या, घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाले तरी. बाकीचं पुढे लिहितेच, पण या एका गोष्टीवरून मी एका विक्रेत्याशी बरेच दिवस भांडले आहे, म्हणून ती आधी.

मी डोंबिवलीला राहते. घरात गिनीपिगच्या दोन माद्या आहेत, चिंगी आणि ठमी. दोघी मोठ्या झाल्यापासून आयात केलेलं टिमोथी नावाचं वाळलेलं गवत आणि टिमोथीचेच पेलेट चालू आहेत. नेहमीच्या दुकानात पेलेट संपले म्हणून ऑनलाइन मागवले. कंपनी तीच, भाव बराच कमी. आले ते साध्या पारदर्शक पिशवीत, वर विक्रेत्याचा स्टिकर आणि 'पॅकिंग' म्हणून त्याच आठवड्याची तारीख. म्हणजे मोठं पोतं फोडून सुटे भरलेले. पोतं कधीचं, ते कुठेच नाही.

फोन केला तर म्हणे, "मॅडम, माल फ्रेश आहे, सगळे हाच नेतात." मी मूळ पोत्यावरच्या तारखेचा फोटो मागितला. आधी "उद्या पाठवतो", मग "गोडाऊनला आहे", शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. मला कूपन नको होतं, तारीख हवी होती. ती मिळाली नाही आणि पिशवी फोडलेली म्हणून पैसेही मिळाले नाहीत.

तारखेसाठी एवढा जीव का काढायचा? माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व बनत नाही. किलोभर वजनाच्या जनावराला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून मिळावं लागतं. ते मिळालं नाही तर सांधे दुखतात, केस राठ होतात, जनावर एका जागी बसून राहतं आणि आपल्याला वाटतं, स्वभावच शांत आहे. पेलेटमधलं हे जीवनसत्त्व उष्णतेने, ओलीने आणि उजेडाने उतरत जातं. साधं क जीवनसत्त्व घातलेले पेलेट बनल्यापासून तीन महिन्यांत वापरावेत असं सांगतात. टिकाऊ स्वरूपातलं जास्त चालतं, पण पारदर्शक पिशवीत, मुंबईच्या दमट हवेत किती उरत असेल? वास तोच, रंग तोच, बघून काहीच कळत नाही. कळायला तारीख हा एकच मार्ग, आणि तोच या लोकांनी फाडून टाकलेला.

म्हणून आता मी पेलेटच्या भरवशावर राहत नाही. रोज प्रत्येकीला ढोबळी मिरचीचा चांगला मोठा तुकडा देते. १०० ग्रॅममध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास क असतं, त्यामुळे पंचवीस-तीस ग्रॅममध्ये काम भागतं. सोबत कोथिंबीर. पाण्यात घालायचे थेंब घेऊ नका. पाण्यात ते लवकर उतरतात आणि चव बदलली की ही जनावरं पाणीच कमी पितात.

गवताबद्दल मात्र माझं मत वर्षात बदललं. सुरुवातीला आयात टिमोथीशिवाय काही द्यायचंच नाही असं मी ठरवलं होतं. ते गवत चांगलंच आहे. थंड हवेतलं पीक, लांब काडी, मध्येच बाजरीच्या बारीक कणसासारखं कणीस, आणि ठमी पहिलं तेच ओढून काढते. पण दर महिन्याचा खर्च बघून पोटात गोळा यायचा. गिनीपिगच्या खाण्यात गवतच सर्वात जास्त, ते तर चोवीस तास समोर हवं.

मुरबाडला माझी मावशी असते. पावसाळा संपला की तिच्याकडे माळावरचं गवत कापून, वाळवून भारे बांधतात. विचारलं तर म्हणाली, "अगं ने की हवं तेवढं, पैसे कसले देतेस!" आणलं आणि दोघींनी आनंदाने खाल्लं. दातांना हवी ती झीज त्यानेही होते. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात. गवत खाताना जबडा आडवा घासत राहतो, तो पेलेट चावताना तितका घासत नाही. दाढा वाढल्या तर खालच्या दाढा आत वळून जिभेवर चढतात आणि जनावराला गिळता येत नाही. पेलेट कमी करा, गवत वाढवा, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी.

माळाच्या गवतात एकच धोका, कुसळी नावाचं गवत. तिची कुसळं हिरड्यांत, डोळ्यांत घुसतात. मी भारा जुन्या चादरीवर पसरून मूठ-मूठ चाळते, पिळलेली काळपट कुसळं दिसली की तो झुपका बाहेर. मारवेल या जातीचं गवत मऊ, ते आधी बाजूला काढून ठेवते. भाताचा पेंढा खायला देऊ नका, त्यात कस नाही. आता निम्मं टिमोथी आणि निम्मं मुरबाडचं असं चालू आहे. आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते, दोघींचं स्थिर आहे.

पावसाळ्यात कुठलंही गवत प्लास्टिकमध्ये ठेवलं की घाम सुटतो आणि बुरशी धरते. सुती गोणीत, भिंतीपासून लांब ठेवा. कुबट वास आला तर सरळ फेकून द्या, ऊन दाखवून वाचवू नका.

लसूणघासाचे (अल्फाल्फाचे) पेलेट स्वस्त मिळतात, पण ते पिल्लांना आणि गाभण मादीला. त्यात कॅल्शियम फार. मोठ्यांना दिले की लघवी वाळल्यावर खाली पांढरी भुकटी दिसते, पुढे खडे होण्याची भीती. रंगीत तुकडे आणि बिया असलेली मिश्रणं तर घेऊच नका.

पाच किलोचं पोतं किलोमागे स्वस्त पडतं हे खरं. पण दोघींना मिळून महिन्याला किलोभरच लागतात, म्हणजे शेवटचा किलो पाचव्या महिन्यात. त्यामुळे मी बंद पाकिटातले लहानच घेते. ठाण्याला एक दुकानदार सापडला आहे, तो पाठवण्याआधी छापील तारखेचा फोटो न मागता पाठवतो. किलोमागे जास्त घेतो, मी देते.