छोट्या चित्रांसाठी गॉश की अ‍ॅक्रिलिक? बेळगावच्या पावसात ठरलेलं उत्तर

परवा निपाणीहून भाचीचा फोन आला, मामा, मला पण तुझ्यासारखी लहान लहान चित्रं करायची आहेत, रंग कुठले घेऊ, गॉश की अ‍ॅक्रिलिक? गॉश म्हणजे डिंकात कालवलेला अपारदर्शक जलरंग, आणि अ‍ॅक्रिलिक म्हणजे वाळल्यावर प्लास्टिकसारखा थर होणारा रंग. सांगायला लागलो आणि अर्धा तास झाला तरी संपेना, म्हणून म्हटलं लिहूनच काढूया, तिचं पण काम होईल आणि अजून कोण ह्याच विचारात असेल तर त्यांचं पण.

मी बेळगावच्या शहापुरात राहतो. रात्री जेवणं आवरली की पाऊण तास मिळतो, तेवढ्यात दोन बाय तीन इंचाच्या कागदावर काम करतो. विषय सगळे घरातले नाहीतर आजूबाजूचे, आईचा पितळी डबा, ब्याडगी मिरची, कौलावरचं शेवाळ, परसातला दयाळ पक्षी, शेजारच्या हातमागावरचा धोटा. मिनिएचरच्या, म्हणजे लघुचित्रांच्या, बऱ्याच संस्थांचा नियम असतो की चित्र 25 चौरस इंचांच्या आत हवं आणि वस्तू खऱ्या आकाराच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा मोठी नको. म्हणजे तीन इंचाची मिरची कागदावर अर्ध्या इंचाची होते. हा आकार डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण मोठ्या कॅनव्हासला माझं म्हणणं लागू पडेलच असं नाही.

पारदर्शक जलरंग मी ह्या तुलनेत घेतलेला नाही. रंग सुंदरच आहे तो, पण त्यात पांढरं म्हणजे कोरा कागद राखायचा असतो, आणि पितळेवरची चमक मोहरीच्या दाण्याहून बारीक असताना ती चारी बाजूंनी राखत बसणं मला तरी झेपलं नाही. बाकी दोन्ही मी दोन-दोन वर्षं वापरलेत.

अ‍ॅक्रिलिकची चांगली बाजू आधी सांगतो. वाळलं की हलत नाही. गडद लाल मिरचीवर पांढऱ्याचा एक टिपका ठेवला तर तो पांढराच राहतो, खालचा लाल वर येत नाही. चुकलं तर वाळू द्यायचं, वरून झाकायचं, पुन्हा करायचं. नवीन माणसाला ह्यानं फार धीर येतो, हे मी मनापासून सांगतोय. मी स्वतः सुरुवात ह्यातच केली.

पण लहान चित्रात सगळा खेळ ब्रशच्या टोकाचा. तीन शून्याचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश, त्याला मोजकेच केस, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत दुसरी रेघ ओढेपर्यंत टोकावर रंग आळून येतो, रेघ जाड पडते, आणि एकदा का रंग केसांच्या मुळाशी वाळला की तो ब्रश मिशीसारखा फुटतो, मग त्याला बारीक काम होत नाही. रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा वाळवणारं द्रव्य, घालून बघितलं, थोडा फरक पडतो. शिवाय एवढ्याशा चित्राला रंग लागतो तांदळाच्या दाण्याएवढा, ट्यूबमधून येतो त्याच्या चौपट, उरलेला दुसऱ्या दिवशी प्लेटवर पापडी होऊन बसलेला. गॉशचं तसं नाही, काल रात्री वाळलेल्या रंगावर आज पाण्याचे दोन थेंब सोडले की काम सुरू. रोज थोडा थोडा वेळ मिळणाऱ्या माणसाला ह्याची किंमत कळते.

तरीपण एवढ्यावरून मी अ‍ॅक्रिलिक सोडलं नसतं. सोडलं ते एका पावसाळ्यामुळं.

गणपतीत पाहुणे येतात त्यांना द्यायला म्हणून मी उन्हाळ्यात चौदा चित्रं करून ठेवली होती. सगळी अ‍ॅक्रिलिकमध्ये, दोन-तीन महिने वाळलेली, हात लावला तर पूर्ण कोरडी. फराळाच्या स्टीलच्या डब्यात एकावर एक रचली, वर वही ठेवली आणि डबा कपाटात. आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीतच आहे, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, खानापूर-जांभोटीकडं तर विचारायलाच नको. नागपंचमीच्या आदल्या दिवशी डबा उघडला तर चौदा चित्रांची एक वडी झालेली. कडेनं नख घालून हळूच सोडवायला गेलो तर जखमेवरची पट्टी ओढताना येतो तसा आवाज, आणि खानापुरी कौलाच्या चित्रातलं हिरवं शेवाळ सगळं उचकटून दयाळाच्या पांढऱ्या पोटावर जाऊन बसलं, आणि कौलावर तेवढ्याच आकाराचा कागद उघडा पडला. पाच चित्रं वाचली, ती पण कडेला खरचटलेली. आई म्हणाली, जाऊ दे रे, परत करशील. परत केली पण, फक्त तो दयाळ पुन्हा तसा उतरला नाही.

कारण नंतर समजलं. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, वाळल्यावर सुद्धा त्याचा थर किंचित मऊ राहतो, त्यात उष्णता, दमटपणा आणि वरून वजन असं मिळालं की दोन थर एकमेकांना धरून बसतात. मध्ये बटर पेपर घालून बघितला, बरंच वाचतं, पण दाब पडला तर कागदाच्या सुरकुतीचा ठसा रंगावर उमटतो. सुटी सुटी उभी ठेवायची तर जागा पाहिजे, आणि लहान चित्रं करण्यात माझा अर्धा आनंद हाच की वर्षाचं काम एका डब्यात मावतं.

गॉशमध्ये हे चिकटणं मला आजवर दिसलेलं नाही, तीन पावसाळे झाले. त्यात डिंक असतो, थर वाळून कोरडा मातकट होतो, एकावर एक ठेवले तर फार तर थोडा रंग घासतो, म्हणून मध्ये साधा पातळ कागद घालतो.

आता गॉशची खोड पण सांगायला पाहिजे, नाहीतर भाची नंतर मला बोलेल. खालचा थर पाण्यानं पुन्हा जागा होतो. मिरचीवर पांढरी चमक ठेवायला गेलात आणि ब्रश जरा जास्त फिरवलात की चमक गुलाबी झालीच म्हणून समजा. पहिले दोन महिने मला हे फार छळलं. उपाय एवढाच की पांढरा सायीसारखा दाट घ्यायचा, ब्रश जवळजवळ कोरडा, एकदा टेकवायचा आणि उचलायचा, परत त्या जागी जायचं नाही. दुसरं म्हणजे वाळल्यावर रंग बदलतो, गडद रंग फिके पडतात आणि फिके जरा गडद होतात. सुरकुत्यांना मी गडद तपकिरी लावायचो आणि सकाळी बघावं तर मिरची धुळीत पडल्यासारखी. आता चित्राच्या बाजूला त्याच कागदाची पट्टी ठेवतो, रंग आधी तिच्यावर वाळवून बघतो. आणि पावसाळ्यात डिंकामुळं बुरशी धरू शकते, म्हणून डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. ओल्या बोटानं चित्र धरलं तर ठसा उमटतो, हे घरातल्या लहान मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जागा होण्याच्या ह्याच खोडीचा फायदा पण आहे बरं का. दयाळाच्या काळ्या पाठीची कड पांढऱ्या पोटाकडं वळते तिथं नुसता ओलसर ब्रश फिरवला की कड विरघळते आणि पिसं मऊ दिसायला लागतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये हा मऊपणा आणायला मला बारीक बारीक रेघांचे पाच-सहा थर द्यावे लागायचे.

आपल्या भागातली जुनी कामं बघितली तरी ह्यावर विचार करता येतो. विजापूरच्या आदिलशाही दरबारातली लघुचित्रं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली (1580 ते 1627) तर फारच नाजूक, ती अपारदर्शक जलरंगातलीच, म्हणजे गॉशचीच भावकी. ती जपून ठेवायची, हळूच काढून बघायची चित्रं. उलट आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलं की गंजिफा, दशावतारी डावाचे 120 गोल पत्ते, ते तर हातात खेळायचे, म्हणून त्यांच्यावर लाखेचा लेप. मी पण तेच बघतो, चित्र हाताळलं जाणार की काचेमागं राहणार. तुम्हाला दगडावर, लाकडाच्या चकतीवर, की-चेनवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर रंगवायचं असेल, स्टॉल लावून विकायचं असेल, तर बिनधास्त अ‍ॅक्रिलिक घ्या, तिथं गॉश टिकणार नाही. कागदावर करून वहीत, डब्यात, काचेच्या फ्रेममध्ये ठेवायचं असेल तर माझं मत गॉशकडं झुकतं. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो, विशेषतः कोरड्या हवेत राहणाऱ्यांचा. अथणीकडं पाऊस कमी, तिथं कदाचित अ‍ॅक्रिलिकनं मला एवढा त्रास दिला पण नसता.

घेताना एक बघा, ट्यूबवर अ‍ॅक्रिलिक गॉश असं लिहिलेलं असेल तर ती वेगळी वस्तू, दिसायला मॅट पण वाळल्यावर पाण्यानं सुटत नाही आणि ब्रशचा त्रास अ‍ॅक्रिलिकसारखाच. घाईत तीच उचलली जाते. शाळेतले पोस्टर कलरचे डबे घरात पडलेले असतील तर सुरुवातीला ते पण चालतात, हात बसायला काही हरकत नाही, फक्त उन्हात ते लवकर उडतात, त्यामुळं कुणाला द्यायचं चित्र त्यात करू नये.

भाचीला मी सांगितलंय, मोठा सेट नको. पांढऱ्याची मोठी ट्यूब, एक लाल, एक पिवळा, एक निळा, एक गडद तपकिरी, आणि 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, गुळगुळीत कागद, खरबरीत अजिबात नको, बारीक रेघ त्यावर तुटते. दोन ब्रश, एक तीन शून्याचा आणि एक दोन नंबरचा. पहिलं चित्र मिरचीचंच कर म्हटलंय, एका बैठकीत होतं आणि गुलाबी चमकेची खोड पहिल्याच दिवशी कळते.

काल रात्री तिनं फोटो पाठवला. मिरची छान जमलीय, चमक गुलाबी झालीय.