परसातला ट्रेल कॅमेरा : दिवाळी ते पावसाळा

रात्री आपल्या परसात कोण येऊन जातं हे बघायचं असेल तर ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो-व्हिडिओ काढणारा कॅमेरा, जरूर घ्या. चोर पकडायला मात्र घेऊ नका, त्यासाठी सीसीटीव्हीच बरा. दिवाळीत घेतलेला आमचा कॅमेरा आता भर पावसातही चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही पुण्यात बावधनला टेकडीला लागून राहतो. मागे पपई, शेवगा, अळूचा वाफा, ओल्या कचऱ्याचा खड्डा, मग भिंत आणि पलीकडे थेट झाडोरा. सकाळी पपई आतून कोरलेली आणि अळूचे कांदे उकरलेले दिसायचे. शेजारचे काका वटवाघळांना दोष द्यायचे, आई घुशींना.

पपई खाणारं निघालं उदमांजर, ज्याला कोकणात कांडेचोर म्हणतात. शेवग्यावरून भिंतीवर उतरतं, थांबून हवेत नाक फिरवतं आणि मग पपईच्या बुंध्याला मिठी मारून सरसर वर जातं. एका व्हिडिओत ते पुढच्या दोन्ही पंजांनी फळ दाबून धरून गर ओरपताना दिसतं, मिशा गराने माखलेल्या. भिंतीवर त्याची विष्ठा पडते ती उंबर-जांभळाच्या बियांनी भरलेली. त्यातल्या कितीतरी बिया पुढे टेकडीवर रुजतात. हे कळल्यापासून वरच्या दोन पपया त्याच्यासाठी सोडलेल्या आहेत.

अळू उकरणारी साळिंदरांची जोडी. नर-मादी बहुतेक वेळा बरोबरच येतात, आणि व्हिडिओला आवाज असल्यामुळे काट्यांची खुळखुळ स्पष्ट ऐकू येते. साळिंदर काटे फेकून मारतं ही समजूत खोटी आहे. ते पाठ करून उलटं अंगावर येतं आणि सैल काटे समोरच्याच्या अंगात रुततात. एका फिरत्या कुत्र्याने हा धडा आमच्या कॅमेऱ्यासमोर घेतला. अळूच्या वाफ्याला आता जाळी आहे. ती अर्धा फूट जमिनीत गाडावी लागते, नाहीतर साळिंदर खालून उकरून आत शिरतं.

सगळ्यात मोलाचा फोटो गव्हाणी घुबडाचा, भिंतीवर बसलेलं, चोचीत उंदीर. तो फोटो मी काकांना दाखवला. ते घुशींसाठी विषाच्या वड्या ठेवायचे. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होतो, सहज सापडतो आणि ते विष घुबडाच्या पोटात जातं. काकांनी त्याच दिवशी वड्या उचलल्या आणि पिंजरा आणला. कॅमेऱ्याचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

आता घेण्याआधी काय बघायचं ते. मेगापिक्सेलच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, स्वस्त कॅमेऱ्यांत तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. रात्रीच्या इन्फ्रारेड फ्लॅशची तरंगलांबी बघा : 850 नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात, 940 चे जवळजवळ दिसत नाहीत. परस लहान असेल तर 940 च घ्या, उजेड थोडा कमी पडला तरी चालतं, कारण जनावर बुजत नाही. ट्रिगरचा वेग, म्हणजे जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर नुसत्या शेपट्या मिळतात. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि जनावराच्या वाटेला तिरका बांधा. शेजाऱ्यांची खिडकी चौकटीत येत नाही ना, तेही बघून घ्या.

जनावर आल्याचं ओळखणारा कॅमेऱ्यातला सेन्सर हलणाऱ्या उष्णतेवर चालतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असली की जनावर आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरकच उरत नाही आणि फोटो कमी मिळतात. उलट थंडीत तो फारच छान चालतो. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरते, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आत ठेवली की बरीच कमी होते. सेलच्या कप्प्यात मुंग्यांनी अंडी घातली होती, म्हणून रबराची कड दर आठवड्याला पुसतो. चार्जिंगचे सेल साध्या सेलपेक्षा कमी, 1.2 व्होल्टचे असतात. काही कॅमेरे त्यांना लगेच ‘लो बॅटरी’ ठरवतात, तेव्हा खरेदीआधी विचारून घ्या. माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा मात्र अगदीच टाकाऊ, पावसाच्या दोन सरींतच कुजला.

आणि फोटो मिळावेत म्हणून कृपा करून खाणं टाकू नका. उष्टं-खरकटं टाकलं की आधी भटकी कुत्री आणि डुकरं येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीत येतो. आमच्या कॅमेऱ्यात बिबट्या आलेला नाही, यावा अशी इच्छाही नाही. खड्ड्यावर झाकण आहे आणि मागचा दिवा रात्री बंद असतो. जखमी किंवा अडकलेलं जनावर दिसलं तर स्वतः हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

पाऊस उघडला की कॅमेरा भिंतीतल्या मोरीपाशी हलवणार आहे. तिथल्या चिखलात मांजरापेक्षा थोडे मोठे, गोल ठसे उमटलेत. रानमांजर असावं असा माझा अंदाज आहे.