‘शिक्षा भोगली, आता पैसे कशाचे?’ म्हणणाऱ्यापासून सावध

वर्धा रोडवर मिहानच्या बाजूला प्लॉट देतो म्हणून एका लेआऊटवाल्याने आमच्याकडून चार लाख घेतले. यांच्या रिटायरमेंटचे पैसे होते ते. विक्रीपत्र काही झालं नाही, कारण जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, नव्हतीच. फार मागे लागल्यावर त्याने चेक दिला आणि तो ‘खात्यात रक्कम अपुरी’ म्हणून परत आला. नागपुरात अशी गोष्ट दर दुसऱ्या घरात सापडेल, म्हणून लांबवत नाही. मला सांगायचंय ते निकालानंतरचं.

चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग त्याला पंधरा दिवसांची मुदत, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. चेक परत येण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ चं हे वेळापत्रक वकिलांनी नीट सांभाळलं. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात तारखांवर तारखा पडल्या, पण निकाल आमच्या बाजूने लागला: तीन महिने साधी कैद, सहा लाख भरपाई, आणि भरपाई न दिल्यास आणखी एक महिना आत. त्याने अपील केलं. २०१८ च्या दुरुस्तीपासून अपिलात किमान वीस टक्के रक्कम जमा करायला लावता येते. तसे एक लाख वीस हजार त्याला भरावे लागले आणि अपील फेटाळल्यावर ते आम्हाला मिळाले. बाकी चार लाख ऐंशी हजार त्याने भरलेच नाहीत. जास्तीचा महिना आत काढला आणि बाहेर आला.

बाहेर आल्यावर तो आमच्याच ओळखीच्या एकाला घेऊन घरी हजर. “काकू, मी भोगून आलो न. महिनाभर जास्तीचा काढला, हिशोब साफ झाला. आता काहून मागून राहिले? तरी माणुसकी म्हणून एक लाख देतो.” सोबत स्टॅम्प पेपर टाइप करूनच आणलेला. त्यावर मजकूर असा की भरपाईची संपूर्ण रक्कम मिळाली, आता काहीही येणे बाकी नाही. ओळखीचा माणूस मान डोलावत होता. त्याचं कमिशन किती ठरलं होतं कुणास ठाऊक!

हे शांत माणूस. म्हणाले, वकिलांना दाखवून सांगतो. तो कागद बघून वकीलसाहेब हसलेच.

कायदा असा आहे. न भरलेल्या भरपाईपोटी आत काढलेला काळ म्हणजे भरपाई फेडणं नव्हे. नुसता दंड असेल, तर त्यापोटीची कैद भोगून झाल्यावर वसुलीचं वॉरंट काढायला कोर्टाला खास कारण लिहावं लागतं. नुकसानभरपाईचा हुकूम मात्र या सवलतीतून बाहेर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कुमारन विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात तेच सांगितलं, आणि तो खटलाही चेकचाच होता. वसुली दोन वाटांनी होते: कोर्टाच्या वॉरंटने गाडी, सामान अशी जंगम मालमत्ता जप्त करून विकायची, नाहीतर कलेक्टरकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हे कलम ४२१ होतं; तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ४६१.

आम्ही सही केली नाही. याच माणसाच्या तावडीत सापडलेल्या दुसऱ्या एका काकांनी मात्र केली. हातात वीस हजार रोख, उरलेले ‘पुढच्या आठवड्यात’. तो आठवडा अजून उजाडलेला नाही, आणि कागद म्हणतो की त्यांना सगळं मिळालं. त्यांना दोष देववत नाही. घरी आजारपण होतं आणि त्याला ते माहीत होतं.

मधल्या काळात त्याने राहता फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकला. नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चवर आमच्या मुलाला ती नोंद सापडली, तारीख आमच्या निकालानंतरची. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं असं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून मागता येतं. तो दावा वेगळा आणि वेळखाऊ. वकील कागद जमवतायत.

एका सिमेंटवाल्याचा दिवाणी हुकूमनामाही (पैसे देण्याचा दिवाणी कोर्टाचा हुकूम) त्याच्यावर आहे, आणि तिथेही तो हेच गाणं गातो. हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, बारा वर्षांपर्यंत लावता येते. ऐपत असून पैसे देत नाही हे दाखवता आलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होते, आणि ती भोगूनही कर्ज तसंच राहतं. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर तिथला निवाडाही दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. फक्त तडजोडीत हप्ता चुकल्यास काय, ते आधीच लिहून घ्या. समोरचा “लिहायची काय गरज, आपण घरचेच” म्हणाला, तर आवर्जून घ्या.

आमच्या अर्जावर वॉरंट निघालं आणि त्याची गाडी जप्त झाली. घरासमोरून गाडी उचलून नेताना आख्ख्या मोहल्ल्याने बघितली, तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. मागच्या महिन्यात तोच मध्यस्थ पुन्हा आला होता, यावेळी आकडा तीन लाखांवर गेलेला. हे म्हणाले, डिमांड ड्राफ्ट आणा, पावती तीन लाखांचीच मिळेल आणि खाली ‘उरलेली रक्कम बाकी’ असं लिहिलेलं असेल. विचारून सांगतो म्हणून तो गेलाय.