चार मिलिमीटरचा हिशेब: ऑल सीझन टायर, 27 महिने आणि 34,000 किलोमीटरनंतर

गेल्या डिसेंबरमध्ये आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे म्युनिकला आले होते आणि त्यांना घेऊन नाताळच्या सुट्टीत ऑस्ट्रियात जायचे ठरले होते. निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी तेल बदलण्यासाठी वर्कशॉपमध्ये दिली, तेव्हा तिथल्या माणसाने न सांगताच माझ्या ऑल सीझन (उन्हाळा-हिवाळा दोन्हींत चालणाऱ्या) टायरवरच्या खाचांची खोली मोजली आणि बिलाच्या कागदावर लिहून दिले: पुढचे 3.8 मिलिमीटर, मागचे 5.2. जर्मनीत हे टायर कायदेशीर आहेत, कारण इथली किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. सीमेपलीकडे मात्र 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर सक्तीचे असतात, आणि ऑस्ट्रियाच्या नियमानुसार रेडियल टायरची (साध्या गाड्यांना हेच असतात) खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली की तो हिवाळी टायर मानला जात नाही. म्हणजे घराजवळ जो टायर हिवाळी होता, तोच सीमेवरचे कुफस्टाइन गाव ओलांडल्यावर उन्हाळी ठरणार होता, आणि तोही केवळ 0.2 मिलिमीटरसाठी.

हे टायर मी सप्टेंबर 2022 मध्ये घेतले. आकार 205/55 आर16, एका नामवंत कंपनीचे, डोंगर आणि हिमकणाचे, म्हणजे हिवाळ्यासाठी मान्य असल्याचे, चिन्ह असलेले. ते चिन्ह तेव्हा मुद्दाम पाहून घेतले होते, आणि बरे झाले, कारण 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत नुसते ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर हिवाळी म्हणून चालत नाहीत आणि बर्फात तसे पकडले गेल्यास 60 युरो दंड होतो आणि चालकाच्या सरकारी नोंदीत एक दोषांक (पॉइंट) जमा होतो. प्रत्येकी 98 युरोप्रमाणे 392 आणि बसवणे-बॅलन्सिंगचे 80, असा एकूण खर्च 472 युरो झाला. गाडीबरोबर आलेले उन्हाळी टायर, ज्यांच्यावर सहा मिलिमीटर नक्षी शिल्लक होती, मी 80 युरोंना विकून टाकले आणि त्या संध्याकाळी स्वतःच्या व्यवहारचातुर्यावर फार खूश होतो.

टायर म्हणून ते कसे आहेत, हे थोडक्यात सांगतो. म्युनिक शहरात बर्फ पडतो, पण मुख्य रस्ते लवकर साफ होतात, आणि तेवढ्यासाठी हे टायर पुरेसे आहेत. डोंगरातल्या चढावरही ते कधी अडले नाहीत. जुलैच्या उन्हात जोरात ब्रेक लावला की गाडी किंचित उशिरा थांबते असे मला वाटते, पण ते मी मोजलेले नाही. आवाजाबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती फक्त खोलीबद्दल.

वर्कशॉपवाल्याने चारही टायर बदलायला सांगितले. टायरचा भाव आता 104 युरो झाला होता, म्हणजे मजुरीसह 496. मागच्या दोन टायरवर 5.2 मिलिमीटर शिल्लक असताना ते का फेकायचे, असे मी विचारले, तर उत्तर मिळाले की ‘चारही सारखे असलेले बरे’. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या साध्या गाडीला एका अ‍ॅक्सलवरची जोडी सारखी असली की पुरते, हे त्यालाही ठाऊक असावे. वीस मिनिटे वाद घालून मी दोनच टायर घेतले. चांगली जोडी मागे असावी म्हणून नवे टायर मागे बसवले, मागचे पुढे आणले आणि 248 युरो देऊन बाहेर पडलो.

त्या रात्री रागाच्या भरात मी असा हिशेब मांडला. नवे असताना खोली 7.2 मिलिमीटर होती. पुढची जोडी चारवर आली ती साधारण 32,000 किलोमीटरला. दर दहा हजार किलोमीटरला पुढची चाके मागे आणि मागची पुढे केली असती तर झीज चौघांत वाटली गेली असती आणि चारही टायर 40,000 किलोमीटरपर्यंत चालले असते. 472 युरो 32,000 किलोमीटरवर वाटले तर हजार किलोमीटरला 14.75 युरो पडतात, 40,000 वर वाटले तर 11.80. माझे वर्षाचे धावणे 15,000 किलोमीटर आहे, म्हणजे रोटेशन न केल्याने मी वर्षाला 44 युरो रबरात घासून घालवले, असा निष्कर्ष काढून मी झोपलो.

सकाळी लक्षात आले की हा हिशेब चुकीचा आहे. चारही टायर फेकले असते तरच तो खरा ठरला असता. जोडीजोडीने बदलल्यास पुढची जोडी लवकर जाते आणि मागची त्याच प्रमाणात जास्त टिकते, त्यामुळे एकूण दर पुन्हा 11.70 च्या आसपासच येतो. तोटा रोटेशन न केल्याने होणार नव्हता, वर्कशॉपचे ऐकले असते तर झाला असता.

मग उन्हाळी आणि हिवाळी असे दोन वेगळे संच ठेवण्याचा पर्यायही नीट तपासला, कारण आमचे एक जुने मित्र दरवर्षी ‘ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर’ हा इथला रूढ संकेत पाळून चाके बदलतात आणि मी त्यांची थट्टा करत आलो आहे. चार हिवाळी टायरचे 368 युरो, लोखंडी रिमचे 220, बसवण्याचे 80, आणि माझ्या गाडीत हवेचा दाब मोजणारे सेन्सर प्रत्येक चाकात असल्यामुळे दुसऱ्या संचासाठी त्यांचे आणखी 152. ही झाली 820 युरोंची सुरुवात. वर्षातून दोनदा चाके बदलण्याचे 70 युरो, म्हणजे पाच वर्षांत 350, आणि मधे एकदा नवे उन्हाळी टायर, मजुरीसह 440. एकूण 1,610 युरो. रिम वाचवून एकाच रिमवर टायर काढ-घाल करणाऱ्यांना प्रत्येक वेळी 90 युरो पडतात आणि त्यांचा आकडाही जवळपास तिथेच पोहोचतो. ऑल सीझनचे त्याच काळात दोन संच लागतात, 944 युरो. त्यातून उन्हाळी टायर विकून आलेले माझे ते 80 वजा केले की 864. फरक 746 युरोंचा.

इथे थांबून मित्राला फोन करावा असे वाटले होते, पण पाच वर्षांनंतर त्यांच्याकडे काय शिल्लक राहते हे मी धरलेच नव्हते. तळघरात पडलेला टायर जुना होतो, पण झिजत नाही. त्यांच्या नव्या उन्हाळी टायरवर निम्म्याहून जास्त नक्षी उरलेली असेल, तिचे अडीचशे. रिम आणि सेन्सर पुढच्या गाडीला बसले किंवा विकले गेले तर कमीत कमी दीडशे. मग फरक उरतो सुमारे साडेतीनशे युरोंचा, म्हणजे पाच वर्षांच्या चाकबदलीच्या मजुरीएवढाच. ज्याच्याकडे जॅक, टॉर्क पाना आणि तळघर आहे, त्याला दोन्ही पर्याय जवळपास सारखेच पडतात. तळघर नसेल आणि टायर वर्कशॉपमध्येच ठेवायचे असतील, तर मोसमाला 40 युरो भाडे पडते आणि ऑल सीझन निर्विवाद स्वस्त ठरतात.

उरतो तो वर्षाच्या चाकबदलीच्या त्या 70 युरोंचा प्रश्न, आणि याबाबत माझे मत बदलले आहे. हे टायर घेताना मला सर्वात जास्त आवडली होती ती गोष्ट अशी की त्यांना हात लावावा लागत नाही. खरोखरच 27 महिने त्यांना कोणीही हात लावला नाही; मीसुद्धा हवा भरण्यापलीकडे कधी खाली वाकून पाहिले नाही. मित्राची चाके मात्र वर्षातून दोनदा उतरतात, कोणीतरी त्यांची खोली मोजतो, खिळा अडकला आहे का ते पाहतो आणि जास्त झिजलेली जोडी जागा बदलून लावतो. मी ज्याला वायफळ खर्च म्हणत होतो, त्यात ही तपासणी धरलेली होती. तेलबदल त्या आठवड्यात आला नसता तर मी आई-बाबांना मागे बसवून त्याच टायरवर आल्प्स चढलो असतो.

तरीही पुढच्या वेळी मी ऑल सीझनच घेईन, कारण 350 युरो म्हणजे 350 युरो, आणि खोली मोजायला वर्कशॉप लागत नाही. चार युरोंचे मापक आणले आहे. ते हाताशी नसेल तर एक युरोचे नाणे खाचेत उभे धरावे. त्याची सोनेरी कड सुमारे तीन मिलिमीटरची असते, म्हणून ती पूर्ण बुडत नसेल तर उशीर झालेला आहे. तळघराच्या दाराच्या आत पेन्सिलीने तारीख, किलोमीटर आणि चार आकडे लिहायला सुरुवात केली आहे. ताजी नोंद: पुढचे 4.9, मागचे 7.1. पुढची जोडी येत्या नाताळापर्यंत चारवर येणार, हे आताच दिसते आहे, आणि या वेळी मी टायर ऑगस्टमध्ये, भाव उतरलेले असताना घेणार आहे.