मागच्या झाकणाआड दडलेलं नुकसान: वापरलेलं महागडं घड्याळ ऑनलाइन घेण्याआधी

जाहिरातीत दहा-बारा फोटो असतात. समोरून, तिरके, मनगटावर, डब्यासकट, वॉरंटी कार्डासकट. खाली चार वाक्यं: ‘कंडिशन एकदम छान. वेळ अचूक. नुकतीच सर्व्हिसिंग झाली आहे. पॉलिश कधीच केलेलं नाही.’ तुम्ही पैसे भरता, पार्सल येतं, घड्याळ अस्सल निघतं, आठवडाभर वेळही बरोबर दाखवतं. मग एके दिवशी उन्हातून गार खोलीत शिरल्यावर काचेला आतून धुकं धरतं. घड्याळजी मागचं झाकण उघडतो, गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) उचलतो आणि तिच्या खालच्या खाचेत टाचणीने टोचल्यासारखे काळे खड्डे दिसतात. परत करायची मुदत तोवर उलटून गेलेली असते.

नकली घड्याळाची भीती सगळ्यांनाच असते, त्यामुळे लोक नंबर जुळवतात, कार्ड तपासतात आणि निर्धास्त होतात. पण इथे माल खरा आहे, विक्रेताही पळून गेलेला नाही. त्याने फक्त एक गोष्ट सांगितली नाही, आणि जिथे ती दिसली असती त्या जागेचा फोटो टाकला नाही. ही फसवणूक जास्त चालते, कारण अस्सलपणाच्या सगळ्या चाचण्यांतून असं घड्याळ सहीसलामत सुटतं.

आधी त्या खड्ड्यांबद्दल, कारण सगळ्यात महागात पडणारं लपलेलं नुकसान बहुतेक वेळा हेच असतं. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही असा समज आहे. खरं तर त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. गॅस्केटखालच्या अरुंद फटीत घाम किंवा समुद्राचं पाणी अडकलं की तिथला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड मात्र साचत जातं. थर तुटतो आणि धातू आत खोल खाल्ला जातो. बहुतेक घड्याळांत वापरलं जाणारं ३१६एल स्टील याला बळी पडतं. रोलेक्सचं ९०४एल जास्त तग धरतं, पण वर्षानुवर्षं न धुतलेल्या घड्याळात तेही पूर्ण सुरक्षित नसतं. बाहेरून केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, आरशासारखी चमकत असते. नवी गॅस्केट आणि सिलिकॉन ग्रीस लावून अशी केस काही काळ पाणी रोखूनही धरते, म्हणून ‘वॉटरप्रूफ टेस्ट पास’ एवढ्या शब्दांवर जाऊ नका. पक्का इलाज म्हणजे खड्डे लेझर वेल्डिंगने भरून ती जागा पुन्हा मशीनवर सपाट करणं, नाहीतर केसच बदलणं. केस बदलली की घड्याळाचं मूळपण गेलं.

म्हणून पैसे भरण्याआधी मागायचा पहिला फोटो हा: झाकण उघडून, गॅस्केट काढून, केसच्या कडेवर बाजूने उजेड टाकून घेतलेला. समोरून फ्लॅश मारला तर खड्डे दिसत नाहीत, तिरक्या उजेडात त्यांची सावली पडते. त्याच वेळी झाकणाच्या आतल्या बाजूचाही फोटो मागा. तिथे गोल घासल्याची रेघ असेल तर रोटर (मनगट हललं की फिरून आपोआप चावी देणारं वजन) झाकणाला टेकतो आहे. रोलेक्स ३१३५ सारख्या मशीनमध्ये रोटर एका आसावर फिरतो. वेळेवर तेल मिळालं नाही तर तो आस झिजतो आणि रोटर डगमगून खालच्या पट्टीला किंवा झाकणाला घासू लागतो. झाकणाच्या आत काही वेळा जुन्या घड्याळजींनी सुईने कोरलेल्या बारीक खुणा आणि तारखा असतात. किती वेळा काम झालं त्याचा तो माग असतो. खुणा नसल्या तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आता बरेच कारागीर कोरत नाहीत.

‘उघडलं तर वॉटरप्रूफिंग जाईल’ हे उत्तर ठरलेलं आहे. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर त्या कारागिराकडे उघड्या मशीनचे फोटो असण्याची शक्यता बरीच असते, तेच मागा. आता, एखाद्या घरगुती विक्रेत्याकडे झाकण उघडायचं साधन नसतं आणि त्याने स्वतः उघडू नये हेच बरं. अशा वेळी नकारावरून त्याला लबाड ठरवू नका, पण ‘माझ्या घड्याळजीने तपासल्यावरच व्यवहार पक्का’ ही अट लेखी घ्या. तीही मान्य नसेल तर ते घड्याळ सोडून द्या.

दुसरी फसगत ‘वेळ अचूक’ या शब्दांत असते. वेळ बरोबर दाखवणं आणि मशीन धडधाकट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल सुकलेलं, आस झिजलेलं मशीनसुद्धा नियामकाची सुई (चाल जलद-मंद करणारा काटा) जराशी सरकवून दिवसाला दोन सेकंदांच्या आत आणता येतं. खरी तब्येत कळते ती अॅम्प्लिट्यूडवरून, म्हणजे बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलून घड्याळाची चाल ठरवणारं चाक) मधल्या स्थिर जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं त्यावरून. पूर्ण चावी दिलेली आणि डायल वर ठेवलेली बहुतेक आधुनिक घड्याळं २७० ते ३१० अंशांच्या दरम्यान असतात. चोवीस तासांनी आकडा उतरतो, पण २०० च्या खाली गेला तर मशीन उघडावं लागणार हे धरून चाला. बीट एरर, म्हणजे दोन बाजूंच्या झोक्यांतला वेळेचा फरक, ०.८ मिलिसेकंदांच्या आत असावा.

विक्रेता टाइमग्राफरचा (टिकटिक ऐकून हे आकडे दाखवणाऱ्या यंत्राचा) फोटो पाठवतो तेव्हा हिरवी रेघ सरळ आहे एवढंच पाहून लोक खूश होतात. त्या स्क्रीनच्या कोपऱ्यात लिफ्ट अँगल (एका टिकटिकीत धक्का मिळताना बॅलन्स व्हील जितके अंश फिरतं तो कोन) लिहिलेला असतो, तो वाचा. हा आकडा मशीनच्या प्रत्येक मॉडेलचा वेगळा आणि हाताने भरावा लागतो: ईटीए २८२४-२ ला ५० अंश, ईटीए ७७५० ला ४९, रोलेक्स ३१३५ ला ५२, ओमेगाच्या को-अॅक्सियल ८५०० ला ३८. यंत्र अॅम्प्लिट्यूड या आकड्याच्या प्रमाणात दाखवतं. को-अॅक्सियल घड्याळ ५२ वर ठेवून मोजलं तर खरे २०० अंश स्क्रीनवर २७० च्या वर दिसतात. कधी हे अज्ञानातून होतं, कधी मुद्दाम. घेणाऱ्याचं नुकसान दोन्हीकडे सारखंच.

एकाच स्थितीतला फोटोही पुरेसा नाही. डायल वर, डायल खाली आणि क्राउन (चावी देण्याचं बाजूचं बटण) खाली, निदान या तीन स्थिती मागा. डायल वर आणि डायल खाली या दोहोंत वीसहून जास्त अंशांचा फरक असेल तर बॅलन्सच्या आसाचं एक टोक झिजलेलं, वाकलेलं किंवा मळलेलं असावं. पडलेल्या घड्याळाची ही ठळक खूण आहे. उभ्या स्थितीत तीस-चाळीस अंश कमी होणं स्वाभाविक, पन्नासच्या पुढे गेलं तर विचारा.

‘नुकतीच सर्व्हिसिंग’ हे बिल असेल तरच खरं माना. बिलावर घड्याळाचा सिरियल नंबर, तारीख, बदललेले भाग आणि पाण्याच्या चाचणीचा निकाल हवा. पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे मशीन सुटं करून धुणं, तेल घालणं, गॅस्केट बदलणं आणि बहुधा मेनस्प्रिंगही (चावीची मुख्य स्प्रिंग). झाकण उघडून चुंबकत्व काढलं आणि सुई सरकवली तर त्याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत. मशीनच्या फोटोत स्क्रूंच्या खाचा पाहा. कडा चिरडलेल्या, चकाकी गेलेल्या असतील तर कामाचा हात कच्चा होता.

पॉलिशबद्दल थोडक्यात. ‘कधीच पॉलिश नाही’ हे पहिला मालकच छातीठोकपणे सांगू शकतो, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या तोंडी हे वाक्य म्हणजे अंदाज. पट्टा जिथे जोडतात ते चारही पाय वरून सरळ घेतलेल्या फोटोत सारख्याच जाडीचे दिसले पाहिजेत. आरपार भोकं असलेल्या केसमध्ये भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील तर बफिंगचा चाक तिथून फिरलेला आहे. क्राउनच्या दोन्ही बाजूंचे संरक्षक खांदे पातळ होऊन टोकदार झाले असतील, तर गेलेला धातू परत येत नाही.

जुनी घड्याळं घेणाऱ्यांनी डायलवर जास्त वेळ घालवावा. तळाशी ‘टी स्विस टी’ किंवा ‘स्विस टी<२५’ असं छापलेलं असेल तर त्यावर ट्रिटियमचा चमकणारा लेप होता. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. म्हणजे पंचवीस वर्षांत त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो, आणि चमक देणारं रसायनही दमलेलं असतं. असं डायल टॉर्चच्या उजेडाखाली धरून दिवा बंद केला की काही क्षणांत अंधारायला हवं. तासन्‌तास हिरवं चमकत राहिलं तर लेप नवा आहे. डायल शांत आणि काटेच चमकत असतील तर काटे बदललेले किंवा पुन्हा भरलेले आहेत. यात वाईट काही नाही, फक्त ‘सगळं ओरिजिनल’ म्हणून त्याचे पैसे घेणं वाईट. आणि ‘पॅटिना’ (वयाने आलेला रंग) हा शब्द दिसला की थांबा. एकसारखा पडलेला तांबूस रंग वयाचा असतो. पण तीन वाजताच्या बाजूला, क्राउनजवळ, डायलच्या कडेने फुगलेला रंग किंवा डाग असेल तर तिथून पाणी शिरलं होतं. तिथे डाग असेल तर आतल्या स्टेमवर (क्राउनला जोडलेल्या दांडीवर) आणि चावीच्या दातांवर गंज असण्याची दाट शक्यता आहे.

फोटोत न कळणाऱ्या गोष्टींसाठी एकसंध व्हिडिओ मागा. कागदावर त्या दिवसाची तारीख, शेजारी सिरियल नंबर, मग न थांबवता पुढचं सगळं: स्क्रूचा क्राउन उघडून पुन्हा बंद करणं, प्रत्येक टप्प्याला बाहेर ओढणं, चावी देणं, काटे रात्री बारापुढे नेऊन तारीख बदलताना दाखवणं. क्राउन बंद करताना पकड न घेता घसरत असेल तर तो ज्या नळीवर बसतो तिचे आटे गेलेत. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) असेल तर तो निदान मिनिटभर चालवून शून्यावर आणायला सांगा, काटा नेमका बारावर बसला पाहिजे. तारीख पटकन बदलायची सोय वापरून दाखवायची असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन ही वेळ काट्यांवर नसावी, कित्येक मशीनमध्ये त्या वेळात दात तुटतात. नीलमणी काचेच्या आणि सिरॅमिक बेझलच्या (काचेभोवतीच्या कड्याच्या) कडांवरून तिरका उजेड फिरवायला सांगा. दोन्ही कठीण आणि ठिसूळ. ओरखडा पडत नाही, पण कपची उडते, आणि ती घासून दुरुस्त होत नाही. स्टीलच्या पट्ट्याच्या कड्या मोजून घ्या.

सिरियल नंबर जाहिरातीत झाकलेला असला तर हरकत नाही, तुम्हाला खाजगीत पूर्ण दिसला पाहिजे. चोरीला गेलेल्या घड्याळांची नोंद ठेवणाऱ्या द वॉच रजिस्टरसारख्या ठिकाणी तो तपासता येतो.

आता लेखी प्रश्न. हे फोनवर विचारू नका, विक्रीच्या साइटवरच्या संदेशातच विचारा: घड्याळ कधी पडलं आहे का? आत पाणी किंवा बाष्प गेलं आहे का? कोणते भाग बदललेत? शेवटचं कधी आणि कोणी उघडलं? ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही’ असं उत्तर आलं तर ‘तुमच्याकडे किती वर्षं आहे?’ हे लगेच विचारा. पुढे वाद झाला तर या लेखी उत्तरांवरच ठरतं की वस्तू वर्णनाशी जुळत नव्हती, की तुमचं मन बदललं. साइटबाहेर पैसे देऊन थोडी सूट मिळते आहे म्हणून मोहात पडू नका. ओळखीच्या माणसाला पाठवतात त्या पद्धतीने पाठवलेले पैसे परत मागायला सहसा जागा राहत नाही.

पार्सल आलं की खोक्यावरच्या लेबलापासून सिरियल नंबरपर्यंत न तोडता चित्रीकरण करा. पट्ट्याची कडी काढू नका, स्टिकर सोलू नका, झाकण स्वतः उघडू नका. ‘तुम्हीच बिघडवलं’ म्हणायला विक्रेत्याला एवढं पुरतं. ऑटोमॅटिक घड्याळाला हाताने तीस-चाळीस फेरे चावी द्या, वेळ लिहून ठेवा, चोवीस तासांनी पुन्हा तपासा, आणि मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या घड्याळजीकडे न्या. पाण्याची चाचणी कोरडीच करायला सांगा, ज्यात हवेचा दाब बदलून केस किती दबते ते मोजतात. बाष्प आहे का हे पाहायला घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत दहा-वीस मिनिटं गरम करून काचेवर साध्या गार पाण्याचा थेंब ठेवतात. मिनिटभराने तो पुसल्यावर आतून धुकं राहिलं तर आत ओल आहे.

दोष निघाला तर दुरुस्ती करून घेऊ नका, निकाल लागेपर्यंत तो दोष हाच तुमचा पुरावा आहे. ‘खाजगीत अर्धे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या’ असा निरोप आला तरी तक्रार आधी साइटवर नोंदवा, आणि मुदतीतच. घड्याळजीच्या अहवालात सिरियल नंबर, तारीख, तिन्ही स्थितींतले आकडे, वापरलेला लिफ्ट अँगल आणि खाचेचे फोटो असू द्या. झाकण उघडण्याआधी त्यावरच्या जुन्या ओरखड्यांचाही फोटो काढायला सांगा. आणि उघडताना निघालेली जुनी गॅस्केट फेकू देऊ नका. सपाट झालेली, चिरलेली, खालून तपकिरी डाग पडलेली ती रबरी कडी छोट्या पिशवीत बंद करून तारीख टाकून ठेवा. ‘मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग केली’ असं विक्रेत्याने लिहून दिलं असेल, तर त्याच्यासमोर ठेवायला ती लागेल.