२१ दिवसांची गॅरंटी आणि आमचा तांबू

पैशांचं आधी सांगून टाकते. कुत्र्याच्या पिल्लाला २१ दिवसांत शू-शीची जागा शिकवून देतो म्हणणाऱ्या एका ट्रेनरपायी एकूण ३१,८०० रुपये गेले. चार वेळा पाठवले, चारही वेळा मी स्वतः, फोनवरून. ते गेले ते गेले. पण आमच्या पिल्लाचं त्या २१ दिवसांत जे झालं, ते अजून भरून आलेलं नाही. घरात नुकतंच पिल्लू आलंय, दिवसातून दहा वेळा लादी पुसून जीव मेटाकुटीला आलाय आणि कोणीतरी "आमच्याकडे सोडा, शिकवून देतो" म्हणतंय, अशा प्रत्येकासाठी हे लिहितेय.

माझं माहेर परळचं, बैलघोडा हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटांवरची चाळ. तिथल्या जिन्याखाली एका कुत्रीने मार्चमध्ये पिल्लं दिली. त्यातलं एक तांब्याच्या रंगाचं होतं, म्हणून तांबू. अडीच महिन्यांचा असताना, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही त्याला कांदिवलीला घरी आणला. चाळीत आम्हीही लहानपणी कुत्री पाळली होती, पण त्यांना कोणी काही शिकवल्याचं आठवत नाही. दार दिवसभर उघडं असायचं, लागली की ती आपली आपण खाली जायची. सातव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत ते कसं जमणार? लिफ्ट लगेच मिळाली तरी दारापासून गेटबाहेर पोचायला चार मिनिटं लागतात. एकदा लागली की तीन महिन्यांच्या पिल्लाकडे चार मिनिटं नसतात.

एक शू पायपुसण्यावर, एक गादीच्या कोपऱ्यावर, एक नेमकी सासूबाईंच्या देव्हाऱ्यासमोर. त्यांनी चकार शब्द न काढता जागा पुसून घेतली, त्याचंच मला जास्त लागलं. मग जूनच्या अखेरीस लिफ्टमध्ये झाली आणि सोसायटीची नोटीस आली, पंधरा दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर कुत्र्याला लिफ्ट बंद. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही, हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. बाहेर मुसळधार पाऊस, आम्ही दोघं नोकरीवर, मुलगा दहावीला, आणि हातात ती नोटीस. अशा वेळी मुलाला फोनवर जाहिरात दिसली: २१ दिवसांत पॉटी ट्रेनिंग, १०० टक्के गॅरंटी, नेण्या-आणण्याची गाडी मोफत.

फोन केला त्याच संध्याकाळी तो ट्रेनर घरी आला. स्वच्छ टी-शर्ट, कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा, बोलणं अगदी आर्जवी. खिशातून काहीतरी काढून त्याने तांबूच्या नाकासमोर धरलं, हात हळूच वर आणि मागे नेला आणि तांबू खाली बसला. आम्ही थक्क. खाऊ नाकावरून मागे नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकतं. कुठलंही भुकेलं पिल्लू हे दोन मिनिटांत करतं, माझा मुलगा आता शेजारच्या पिल्लाकडून करून घेतो. पण त्या दिवशी आम्हाला वाटलं, या माणसाच्या हाताला गुण आहे.

नंतर आठवत गेले ते त्याचे प्रश्न. तांबू किती वाजता जेवतो, झोपतो कुठे, शू नेमकी कधी करतो, दिवसभर घरी कोण असतं, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं: "सोसायटीची तक्रार आलीय का, ताई? लेखी आलीय? किती दिवसांची मुदत?" कुत्र्यापेक्षा आमची अडचण त्याने नीट समजून घेतली. आणखी एक. त्याने लसीकरणाचं पुस्तक मागितलं नाही. मी आपणहून पुढे केलं तर न उघडताच परत दिलं. जिथे आठ-दहा कुत्री एकत्र राहतात तिथे एका पिल्लाला पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा साथीचा आजार, झाला तर तो इतरांत पसरायला वेळ लागत नाही. कुत्री ठेवून घेणारा खरा माणूस ते पुस्तक दारातच मागतो. तिथेच मी थांबायला हवं होतं.

ठरले २४,००० रुपये, निम्मे आधी. "फार्म" विरारच्या पुढे आहे म्हणाला. आम्ही रविवारी बघायला येतो म्हटलं, तर म्हणाला, "नको ताई, मालक दिसला की कुत्रा शिकलेलं सगळं विसरतो. २१ दिवस भेट नाही, हा आमचा नियम आहे." हे मला पटलं. आता वाटतं, माझा कुत्रा मला ओळखतो म्हणून शिकू शकत नाही, हे ऐकून घेतलंच कसं मी?

पहिले दहा दिवस आम्ही खूश होतो. रोज रात्री नऊच्या सुमारास एक व्हिडिओ यायचा, आठ-दहा सेकंदांचा. सिमेंटचं अंगण, कोपऱ्यात निळा ड्रम, वाळूचा एक चौकोन आणि त्यावर शू करणारा तांबू. मागून आवाज, "गुड बॉय!" सासूबाईसुद्धा चष्मा लावून बघायच्या. दहाव्या दिवशी उरलेले १२,००० मागितले, दिले. बाराव्या दिवशी तांबूला गोचीडताप झाल्याचं कळवलं, दवाखान्याच्या बिलाचा फोटो पाठवला, ४,८०० रुपये. मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये उभी राहून थरथरत्या हाताने पाठवले. त्या रात्रीही नऊ वाजता व्हिडिओ आलाच, तांबू वाळूवर, ठणठणीत. ताप आलेलं पिल्लू असं दिसतं का, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही, कारण त्याला बरं बघायचंच होतं मला. सतराव्या दिवशी "स्पेशल खाण्याचे" ३,००० गेले. चार वेळा पाठवलेले पैसे तीन वेगवेगळ्या नावांवर गेलेत, हेही मी नंतर बघितलं.

बाविसाव्या दिवशी तो तांबूला गेटवर सोडून गेला. वर आला नाही, गाडी चुकीची लावलीय म्हणाला. हातात प्लास्टिकमध्ये घातलेलं सर्टिफिकेट दिलं. तांबूने मला बघून अंगावर उड्या मारल्या नाहीत. भिंतीला घासून चालत लिफ्टपर्यंत आला आणि कोपऱ्यात तोंड करून उभा राहिला. गळ्याभोवती बोटभर रुंदीची केस गेलेली लालसर पट्टी होती. आणि त्याचे दोन्ही कान उभे झाले होते.

त्या कानांनी सगळं उघड केलं. जाताना तांबूचा डावा कान अर्ध्यातून दुमडलेला असायचा. देशी पिल्लांचे कान साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात उभे होतात, कधी एक आधी, एक मागून. रात्री मुलाने सगळे व्हिडिओ ओळीने लावले. पहिल्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत प्रत्येकात डावा कान तसाच दुमडलेला. मग आम्ही सिमेंटकडे बघितलं. ड्रमच्या पायाशी एक ओला डाग होता, एका बाजूने निमुळता. "चौथ्या दिवशी" होता तोच डाग "अकराव्या दिवशी" आणि तोच "एकोणिसाव्या दिवशी". पाइपाची सावली पण त्याच जागी. जुलैच्या पावसात एक डाग तीन आठवडे तसाच राहत नाही. सगळे तुकडे एकाच दिवशी, एकाच तासात घेऊन ठेवले होते आणि रोज एक आम्हाला पाठवला जात होता. उरलेल्या वीस दिवसांत तांबू कुठे होता, कोणाजवळ होता, हे मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांकडे नेला. जाताना वजन ७ किलो २०० होतं, आता ६ किलो ९००. ज्या वयात पिल्लू आठवड्याला वाढतं त्या वयात हे तीन आठवड्यांत घटलं होतं. बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या होत्या. बिलावरच्या दवाखान्यात फोन केला, तर त्या नावाचं, त्या वर्णनाचं पिल्लू त्यांच्याकडे आलेलंच नव्हतं. मी ट्रेनरला मेसेज केला, त्याने वाचला आणि मला ब्लॉक केलं.

पण आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तांबू घरात आमच्यासमोर शू करत नव्हता. पहिल्या दिवशी मला वाटलं, निदान एवढं तरी शिकून आला. खाली नेला, पंचवीस मिनिटं भिजत फिरवला, तिथेही केली नाही. वर आणला, पट्टा काढला, आणि तो सोफ्यामागे गेला. रात्री सोफा ओढला तर मागची भिंत ओली. माणसासमोर केली की मार पडतो, एवढंच तो शिकून आला होता. मारणाऱ्याला वाटतं कुत्रा जागा शिकतोय. कुत्रा जागा शिकत नाही, माणसापासून लपायला शिकतो. आणि जो आपल्यासमोर करतच नाही, त्याला योग्य जागी केल्याची शाबासकी द्यायची तरी कशी? हात नुसता वर केला, अगदी फळीवरचा डबा काढायला, तरी तो पोट जमिनीला टेकवून तिथेच थेंब थेंब सोडायचा. ती भीती असते, खोडी नव्हे. त्यावर ओरडलं की आणखी वाढते.

पिल्लाला काय जमतं आणि काय नाही, हे आधी कळलं असतं तर मी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं असतं. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास, फार तर एखादा जास्त, ते धरून ठेवू शकतं. म्हणजे साडेतीन महिन्यांचा तांबू सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा खाली न जाता घरातच राहत होता तेव्हा चूक त्याची नव्हतीच. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला लागणारच. दुपारी एकदा कोणीतरी खाली न्यायला हवं. आता वॉचमनची बायको महिन्याला पैसे घेऊन नेते. फिनाइलने वास आपल्या नाकाला जातो, कुत्र्याच्या नाकाला उरतोच, आणि ते पायाला लागून चाटलं जातं ते वेगळंच. वास मुळातून काढणारं एन्झाइमचं लिक्विड दुकानात मिळतं, त्याने पुसल्यावर देव्हाऱ्याजवळची जागा सुटली. पायपुसणी दोन महिने उचलून ठेवली, कारण मऊ, शोषणारं पायाखाली आलं की पिल्लाला तीच जागा वाटते. या सगळ्यात विरारच्या अंगणाचा काय संबंध? शू कुठे करायची हे पिल्लू आपल्या घरात, आपल्या दारातून, आपल्या वेळापत्रकात शिकतं. दुसऱ्याच्या वाळूवर शिकलेलं आपल्या सातव्या मजल्यावर आपोआप येत नाही, ट्रेनर अगदी प्रामाणिक असला तरी.

तक्रारीचं सांगते. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो, जितका लवकर तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मी लाजेपायी तीन आठवडे घालवले. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, ग्राहक आयोगात जा, असं सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. तक्रार केली आहे, व्हिडिओ, बिल, वजनाच्या नोंदी सगळं जोडलंय. प्राण्याला मारणं, छळणं हा प्राण्यांशी क्रूरपणे वागायला बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वाचून मी कागद खाली ठेवला. पिल्लं विकणाऱ्या ब्रीडरला २०१७ पासून नोंदणी लागते, पण ट्रेनर व्हायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे "सर्टिफाइड" हा शब्द कोणीही टी-शर्टवर छापू शकतो.

आता एक ट्रेनर मुलगी रविवारी घरी येते. आली त्या दिवशी तिने आधी लसीकरणाचं पुस्तक मागितलं, मग लघवीची तपासणी करून घ्यायला सांगितली, कारण संसर्ग असला तर शिकवून उपयोग नसतो. गॅरंटी दिली नाही. "मी तांबूला शिकवणार नाही, काकू, तुम्हाला शिकवणार," म्हणाली. तिच्या सांगण्यावरून मी लांब दोर घेतला. खाली बदामाच्या झाडाखाली रोज त्याच जागी जायचं, त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, फोनसुद्धा बघायचा नाही. झाली की लगेच, दोन-तीन सेकंदांत, हळू आवाजात शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा. उशिरा दिला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही.

पहिले अकरा दिवस काहीच झालं नाही. बाराव्या सकाळी पाठीमागे पानांवर आवाज आला. मी वळले नाही. हात मागे करून तुकडा धरला, तो आला आणि त्याने तो घेतला.

आता घरात होत नाही. लागली की दारापाशी जाऊन बसतो, सासूबाई आतून हाक मारतात, "अगं, तांबूला खाली ने." फक्त वॉचमन जवळून गेला आणि त्याच्या कमरेच्या किल्ल्या वाजल्या की तांबू अजून लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करतो. पुसायला एक फडकं मी पर्समध्ये ठेवते.